नाक नावाचा जागल्या

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कोडे घालतो. घरी रविवारचा बेत आहे आणि चुलीवर आंबेमोहोर तांदळाचा भात रटरटतो आहे. दुसरीकडे, चैत्रातल्या पहाटे जंगलात मोहाची फुले टपटप गळून पडली आहेत. आणि तिसरीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एक वाघ आपली शेपटी उंच करून सागाच्या बुंध्यावर फवारा मारून निघून गेला आहे. आता सांगा, भात, मोहफूल आणि वाघ या तिघांमध्ये सारखे काय?

नाही ना ओळखता येत? डोळ्यांनी शोधाल तर सापडणारच नाही. हे कोडे सोडवायला नाक लागते! या तिन्ही ठिकाणी एकच सुवासिक द्रव्य असते. त्याचे नाव जरा लांबलचक आहे: २-ॲसिटिल-१-पायरोलिन. पाठ करू नका, परीक्षेत येणार नाही. आंबेमोहोर आणि बासमती तांदूळ शिजताना जो घमघमाट सुटतो, तो मुख्यतः याच द्रव्याचा. मक्याच्या ताज्या लाह्यांचा आणि पावाच्या भाजलेल्या कडेचा खमंग वासही त्याचाच. रतनलाल ब्रह्मचारी या बंगाली शास्त्रज्ञांनी वाघांचा अभ्यास करताना हेच द्रव्य वाघाच्या फवाऱ्यात शोधून काढले. आणि पुण्याच्या विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना ते मोहाच्या फुलांत सापडले.

मारेगाव, झरी जामणी, पांढरकवडा, घाटंजी या बाजूला राहणाऱ्या मुलांना मोहाचा वास सांगायला नकोच. फुले रात्रीतून गळतात. कोलाम आणि गोंड कुटुंबे उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. झाड अजून अंधारात असते, पण कोणत्या झाडाखाली आज सडा पडला आहे हे वाऱ्यावर येणारा गोड, जडसर वासच सांगतो. तिथे डोळ्यांच्या आधी नाक पोचलेले असते.

आता तुम्ही म्हणाल, वाघाला फवारा मारायची गरजच काय? अहो, ते त्याचे पत्र असते! "ही हद्द माझी आहे", "मी कालच इथून गेलो" असा मजकूर त्या वासात असतो. दुसरा वाघ येतो, बुंधा हुंगतो, ओठ वर करून तोंड वेडेवाकडे करतो आणि ते पत्र 'वाचतो'. वाघ बोलत नाहीत, लिहीत नाहीत, पण त्यांचे टपाल मात्र रोज फिरत असते.

अत्तर आणि वाघीण

वासाच्या या टपालाचा उपयोग माणसानेही करून पाहिला, आणि तोही आपल्या यवतमाळ जिल्ह्यातच. २०१८ सालची गोष्ट. पांढरकवडा आणि राळेगाव भागात टी-१ नावाची एक वाघीण फिरत होती. काही लोक तिला अवनी म्हणत. दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूचा संशय तिच्यावर होता. गावोगावचे लोक वावरात जायला घाबरत. वनखात्याने कॅमेरे लावले, हत्ती आणले, तरी ती हाती लागेना. शेवटी एक अजब उपाय निघाला: 'ऑब्सेशन फॉर मेन' नावाचे परदेशी अत्तर झाडांवर फवारायचे!

हे वाचून हसू येईल. पण त्यामागे शास्त्र आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात २००३ साली चोवीस अत्तरे मोठ्या मांजरकुळातल्या प्राण्यांना हुंगायला दिली होती. हे अत्तर चित्त्यांना इतके आवडले की ते सुमारे अकरा मिनिटे तिथेच घुटमळले. जवादी मांजराच्या अंगातून निघणाऱ्या उग्र द्रव्यासारखे एक द्रव्य त्या अत्तरात असते. जवादी मांजराच्या वासाने वाघ-बिबट्यांची उत्सुकता चाळवते.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती वाघीण गोळी लागून मेली. त्या भागात हे अत्तर आणि दुसऱ्या एका वाघिणीचे मूत्र फवारले होते आणि त्या वासामागे ती आली, असे तेव्हाच्या बातम्यांत छापून आले होते. तिच्यामागे तिचे दोन लहान बछडे राहिले. तिला मारण्यावरून देशभर मोठा वाद झाला. तो वाद आज आपला विषय नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या: माणसांच्या फौजफाट्याला चकवणारी वाघीणसुद्धा नाकाचे ऐकल्याशिवाय राहू शकली नाही. मग आपण? आपणही रोज सकाळपासून रात्रीपर्यंत नाकाचे ऐकतच असतो. फक्त आपल्याला ते कळत नाही.

नाकाच्या आत काय आहे?

नाक म्हणजे नुसती श्वासाची दोन भोके नव्हेत. प्रत्येक नाकपुडीच्या अगदी वरच्या टोकाला, साधारण टपाल तिकिटाएवढा ओलसर पातळ त्वचेचा एक पट्टा असतो. त्यात वास ओळखणाऱ्या लाखो पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. तुम्ही संत्रे सोलता तेव्हा सालीतून बारीक तुषार उडतात. त्यातले डोळ्यांना न दिसणारे कण हवेबरोबर नाकात शिरतात, वरच्या ओलाव्यात विरघळतात आणि या पेशींना जाऊन चिकटतात. म्हणजे संत्र्याचा वास घेणे म्हणजे संत्र्याचा थोडासा भाग नाकात घेणेच! (आता शेजारच्या गटाराचा विचार करू नका.)

वासाच्या कणांना पकडणाऱ्या 'कुलपांचे' माणसात सुमारे चारशे प्रकार आहेत. मग चारशे कुलपांनी हजारो वास कसे ओळखायचे? पेटीवर सूर तरी किती असतात? पण त्यांच्या मेळातून किती गाणी निघतात! तसेच इथे होते. एक वास एकाच वेळी अनेक कुलपे उघडतो. कोणकोणती कुलपे उघडली यावरून मेंदू ठरवतो की हा गुलाब, ही हळद आणि हा बाबांचा भिजलेला मोजा.

हे कोडे लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९१ साली उलगडले. त्यासाठी २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आणखी एक गंमत सांगतो. वास घेणाऱ्या या पेशी सतत मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. म्हणजे गेल्या वर्षीच्या दिवाळीत चकलीचा वास घेणाऱ्या पेशी आणि यंदाच्या दिवाळीतल्या पेशी बहुतेक वेगळ्याच!

करून पाहा: नाक दाबा!

आपल्याकडे म्हण आहे, "नाक दाबले की तोंड उघडते." आपण नाक दाबून तोंडात गोळी टाकू. संत्री आणि आंबा अशा दोन वेगळ्या चवींच्या गोळ्या आणा. मित्राला डोळे मिटून नाक घट्ट दाबायला सांगा. त्यातली एक गोळी त्याच्या जिभेवर ठेवा आणि विचारा, "कोणती?" तो म्हणेल, "गोड आहे, थोडी आंबट आहे." यापुढे त्याला सांगता येणार नाही. आता त्याला नाक सोडायला सांगा. एकदम "संत्री!" असे तो ओरडेल.

याचे कारण सोपे आहे. जिभेला मोजक्याच चवी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि अशीच आणखी एखाद-दुसरी. बाकी ज्याला आपण 'चव' म्हणतो ती घशाच्या मागून वर नाकात जाणाऱ्या वासाची करामत असते. म्हणून तर सर्दी झाली की आईने केलेली झणझणीत भाजीही मिळमिळीत लागते. तेव्हा आईच्या हाताला बोल लावू नका. दोष तुमच्या चोंदलेल्या नाकाचा असतो.

"पण माणसाचे नाक म्हणजे अगदीच कुचकामी, कुत्र्याची सर नाही," असे बरेच जण म्हणतात. कुत्र्याचे नाक आपल्यापेक्षा तिखट आहे हे खरेच. तरीही आपले नाक तितके बिचारे नाही. अमेरिकेतल्या बर्कली इथे शास्त्रज्ञांनी गवतावर चॉकलेटच्या वासाची एक लांब रेघ ओढली. बत्तीस जणांचे डोळे बांधले, कान झाकले आणि त्यांना गुडघ्यांवर रांगत, नाक जमिनीला लावून ती रेघ शोधायला सांगितले. त्यांच्यातल्या दोन-तृतीयांश लोकांना ते जमले! सरावाने त्यांचा वेगही वाढला. मग आपण मागे का पडतो? कारण आपण नाक वर करून चालतो आणि वासाकडे लक्षच देत नाही.

वासाची आठवण आणि वासाचे शब्द

जूनमध्ये नवे पुस्तक उघडून तुम्ही आधी काय करता? वाचता? मुळीच नाही. नाकाजवळ नेऊन हुंगता! मोठेपणी कधीतरी छापखान्याच्या बाजूने जाताना तोच वास येईल, आणि क्षणात तुमचा वर्ग, बाक आणि शेजारी बसणारा मित्र डोळ्यांसमोर उभा राहील. उटण्याच्या वासाने दिवाळीची पहाट आठवते. उन्हात वाळवलेल्या गोधडीच्या वासाने आजी आठवते.

असे का होते? डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूतल्या एका मोठ्या नाक्यावरून फिरून पुढे जाते. वासाची वाट मात्र जवळची आहे. नाकातून निघालेला निरोप चाळणीसारख्या एका हाडातून वर जातो आणि थेट मेंदूच्या त्या भागांशी पोचतो, जिथे आपल्या भावना आणि आठवणी सांभाळल्या जातात. म्हणून वास आला की आधी मन हलते आणि मग शब्द सुचतो.

आणि शब्दांचे म्हणाल, तर आपली मराठी याबाबत श्रीमंत आहे, बरं का! मोजा पाहू: सुवास, दरवळ, परिमळ, घमघमाट, दर्प, भपकारा. भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंग, साठवलेल्या तेलाचा खवट, दुधाच्या पातेल्याच्या तळाचा करपट, बंद खोलीतला कुबट, पावसात न वाळलेल्या कपड्यांचा ओलसर कुजट, नुकत्याच उपटलेल्या गवताचा हिरवट, चुलीपाशी बसलेल्या आजीच्या लुगड्याचा धुरकट. जगातल्या कितीतरी भाषांत वासासाठी असे नेमके शब्द फारच थोडे आहेत. 'लिंबासारखा', 'गुलाबासारखा' असे म्हणून भागवावे लागते. मलेशियाच्या जंगलात राहणाऱ्या जहाई लोकांच्या भाषेत मात्र वासांचे स्वतंत्र शब्द पुष्कळ आहेत, आणि ते लोक वासाचे नाव रंगाच्या नावाइतक्याच सहजपणे सांगतात. म्हणजे शब्द हाताशी असले आणि नाकाची सवय असली, की वास 'दिसू' लागतात. तेव्हा हे शब्द वापरायला लाजू नका. सगळ्यालाच नुसते 'वास येतो' म्हणून सोडून देऊ नका.

पहिल्या पावसाचा वास कुठून येतो?

मे महिनाभर यवतमाळचे ऊन अंग भाजून काढते. काळ्या वावराला भेगा पडतात. आणि मग जूनमध्ये एका दुपारी पाच-दहा टपोरे थेंब पडतात आणि मातीचा तो वास सुटतो! शेतकऱ्याच्या घरात त्या वासाने सगळेच बाहेर अंगणात येतात. पेरणीचे दिवस आले, असेच तो वास सांगत असतो.

हा वास पाण्याचा नाही. मातीत राहणारे काही सूक्ष्म जीव 'जिओस्मिन' नावाचे द्रव्य तयार करतात. शिवाय कोरड्या दिवसांत वनस्पतींतून आलेले तेलकट अंशही मातीत आणि दगडांत मुरलेले असतात. थेंब पडले की हे सारे हवेत उडते. इझाबेल बेअर आणि रिचर्ड टॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६४ साली या वासाला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. पण आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले त्याच्याही आधीपासून भाजलेल्या मातीचा वास कुप्यांत भरून विकत होते. त्याला 'मिट्टी का इत्र' म्हणतात.

जिओस्मिन ओळखण्यात माणसाचे नाक भलतेच पटाईत आहे. एक लाख कोटी भाग पाण्यात त्याचे मोजके काही भाग असले, तरी आपल्याला मातीचा वास येतो. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला कधी मातकट वास येतो, तो बरेचदा याचाच.

पहारा देणारा

वावरात ज्वारी-तूर उभी असली की रानडुकरांपासून ती राखायला रात्री कोणीतरी जागलीला जातो. मचाणावर बसून, हातात टॉर्च घेऊन तो रात्रभर आवाज देत राहतो. आपले नाक हा तसाच आपला जागल्या आहे. डोळे मिटता येतात, कानांवर हात ठेवता येतात, पण श्वास थांबवता येत नाही. म्हणून आपण जागे असेपर्यंत नाक पहाऱ्यावर असते; झोपेत मात्र त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दूध नासले, डाळ लागली, भातात अळ्या पडल्या, वायर जळाली: तोंडात घास जायच्या किंवा आग दिसायच्या आधी ते इशारा देते.

या जागल्यावर माणसाचा इतका भरवसा आहे की त्याच्यासाठी मुद्दाम एक वास पेरला गेला आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. तुम्हाला येतो तो सडक्या कोबीसारखा घाण वास 'मरकॅप्टन' नावाच्या द्रव्याचा. कंपन्या तो मुद्दाम मिसळतात. त्यामागे एक दुःखद गोष्ट आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावात एका शाळेखाली वास नसलेला गॅस साठत गेला. कुणालाच काही कळले नाही. एका ठिणगीने स्फोट झाला आणि जवळजवळ तीनशे जण गेले. त्यांत बहुतेक तुमच्यासारखी शाळकरी मुले होती. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याचे कायदे झाले.

म्हणून घरात गॅसचा वास आला तर तो वास त्या मुलांची आठवण आहे असे समजा आणि त्याचे ऐका. दिवा, पंखा, मोबाईल कशालाही हात लावू नका. चालू बटण बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, सगळ्यांना घेऊन बाहेर जा आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करा. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साठतो. म्हणून खाली निजलेल्या लहान भावंडांना आधी उचला.

पण जागल्यालाही झोप लागते

आता लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही गोष्ट आई-बाबांनाही वाचून दाखवा.

रुमालावर अत्तराचा थेंब टाका आणि रुमाल नाकाशी धरून बसा. पहिल्या क्षणी केवढा घमघमाट! दोन-तीन मिनिटांनी वास कमी वाटेल आणि थोड्या वेळाने जवळजवळ नाहीसा होईल. अत्तर कुठेच गेलेले नाही. नाकाला सवय झाली. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस मामाकडे राहून परत आलात की दार उघडताच आपल्या घराचा एक वास येतो, नाही का? तो रोजच असतो. आपल्यालाच तो रोज येत नाही. सारखा तोच वास आला तर नाक म्हणते, "हे माहीत आहे, नवे काही असेल तर सांगा."

एरवी ही सवय सोयीची आहे. पण कधी कधी ती जीवावर बेतते.

२०१७ सालच्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय झाले, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना नक्की आठवत असेल. त्या वर्षी पऱ्हाटी उंच वाढली होती, काही ठिकाणी तर डोक्याएवढी. किडीही खूप पडल्या होत्या. शेतकरी आणि शेतमजूर पाठीवर पंप घेऊन दाट पिकात शिरून दिवसभर फवारत होते. दोन-दोन औषधे एकत्र मिसळली जात होती. अंगावर साधा सदरा आणि तोंडाला फार तर रुमाल. फवारलेले तुषार चेहऱ्यावर, छातीवर, श्वासात येत होते. काही आठवड्यांत शेकडो लोक उलट्या, चक्कर आणि अंधुक दिसणे अशा तक्रारी घेऊन यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले. जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचा जीव गेला.

त्यांना वास येत नव्हता का? बाटली उघडली की येणारा तो उग्र दर्प कुणाला येत नाही! पण फवारणी सुरू होऊन काही मिनिटे झाली की नाक त्याला सरावते. वास कमी झाला की आपल्याला वाटते धोकाही कमी झाला. तो तसूभरही कमी झालेला नसतो. शिवाय हे विष नुसते नाकातून नव्हे, ओल्या कपड्यांतून आणि घामेजल्या कातडीतूनही अंगात जाते. तिथे नाकाचा पहाराच नाही. आणि आपण त्याला म्हणतो काय? 'औषध'! पिकावरच्या किडीसाठी आणलेले ते विष असते. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण पाहा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा असला तरी ते सरबत नव्हे.

म्हणून घरी फवारणी असेल तर इतके नक्की करा. मुलांनी त्या दिवशी वावरात जायचे नाही. बाबांना, काकांना सांगा: वाऱ्याकडे पाठ करून फवारा, हातमोजे, चष्मा, मुखपट्टी आणि अंगभर कपडे घाला. नुसता रुमाल भिजला की विष उलट तोंडाशीच धरून ठेवतो. मधेच तंबाखू, बिडी, भाकरी नको. घरी आल्यावर साबणाने आंघोळ करायची आणि ते कपडे वेगळे धुवायचे. रिकामा डबा पाण्याला किंवा तेलाला कधीही वापरायचा नाही. आणि कुणाला घाम, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी असे काही झाले तर "वासाने गरगरते, पडून राहतो" हे ऐकून घेऊ नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि बाटली किंवा तिचे लेबल बरोबर न्या. डॉक्टरांना त्यावरून उपचार ठरवता येतात.

जागल्याच्या आणखी दोन उणिवा आहेत. कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपले तर कार्बन मोनॉक्साईड वायू साठतो. त्याला वासच नसतो, त्यामुळे नाक इशारा देऊ शकत नाही. आणि गटारात किंवा शेणाच्या खड्ड्यात सडक्या अंड्यासारखा वास येणारा जो वायू असतो, तो फार झाला की नाकच बधिर करतो. वास थांबला म्हणून आत उतरावे, तर घात होतो. अशा खड्ड्यात चेंडू पडला तर चेंडू गेला असे समजा. आत उतरायचे नाही, आणि कुणी पडले तर त्याच्यामागे उडी न घेता मोठ्या माणसांना हाका मारायच्या.

नाक रुसते तेव्हा

२०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा जगभरातल्या लाखो लोकांचा वास एका रात्रीत गेला. फोडणी दिली तरी कळेना, जेवण म्हणजे नुसता गरम, मऊ गोळा. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला, काहींना मात्र महिनोन् महिने वाट पाहावी लागली. नाक हे किती मोठे धन आहे, ते तेव्हा घरोघरी समजले.

अशा नाकाला पुन्हा शिकवताही येते. जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथल्या थॉमस हुमेल या डॉक्टरांनी एक सोपी पद्धत तपासून पाहिली: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, काही आठवडे, लक्ष देऊन घ्यायचे. अनेकांना त्याचा फायदा झाला. तुमच्याही घरात कुणाला वास येत नसेल, विशेषतः आजी-आजोबांना, तर त्यांची चेष्टा करू नका. वय वाढते तसा वास कमी होतोच. डॉक्टरांना दाखवा, आणि गॅसकडे व शिळ्या अन्नाकडे त्यांच्या वतीने तुम्ही लक्ष ठेवा. त्यांचे नाक तुम्ही व्हा!

या आठवड्याचा उद्योग

एक छोटी वही करा आणि तिला 'वासांची वही' म्हणा. रोज तीन वास लिहायचे: कुठे आला, कसा होता आणि काय आठवले. 'छान' आणि 'घाण' हे दोन शब्द वापरायला बंदी! रिकाम्या काडेपेट्यांत हळद, जिरे, सुंठ, कडुलिंबाचा पाला असे एकेक घालून भावंडांना डोळे मिटून ओळखायला लावा. फक्त अनोळखी बाटली किंवा डबा कधीही हुंगायचा नाही. हा खेळ घरातल्या, माहितीच्या वस्तूंचाच.

आठवड्याच्या शेवटी आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी वावराला कसा वास येत असे. ते क्षणभर गप्प होतील, डोळे मिटतील आणि मग सांगत सुटतील: बैलांच्या गोठ्याचा, ओल्या कडब्याचा, वेचून आणलेल्या कापसाच्या गंजीचा. ते सगळे वहीत उतरवून घ्या. आणि उद्या सकाळी शाळेत निघताना दारात क्षणभर थांबून एक मोठा श्वास घ्या. तुमचा जागल्या काय सांगतो आहे, ते ऐकून मगच पुढे पाऊल टाका.